खामगावच्या बंद जिन-प्रेसच्या आवारात कायमस्वरूपी प्रदर्शन केंद्र उभारावे : मागणीपत्र

प्रति,
१. मा. पालकमंत्री, बुलढाणा जिल्हा
२. मा. जिल्हाधिकारी, बुलढाणा
३. मा. अध्यक्ष व मा. मुख्याधिकारी, नगर परिषद, खामगाव
४. मा. महाव्यवस्थापक, जिल्हा उद्योग केंद्र, बुलढाणा

विषय : खामगाव शहरात जिल्ह्यासाठी कायमस्वरूपी प्रदर्शन केंद्र उभारून जुन्या बाजारपेठेचे पुनरुज्जीवन करण्याबाबत.

महोदय/महोदया,

आम्ही खामगाव आणि परिसरातले व्यापारी, चांदीचे कारागीर, शेतकरी गट, महिला बचत गट व लघुउद्योजक आहोत. आमच्या संघटनेने आपसात पुरेशी चर्चा करून हे मागणीपत्र तयार केले आहे. मागणी एकच आहे, पण ती नेमकी आहे. शहराबाहेर माळरानावर नवी इमारत नको. शहराच्या पोटात बंद पडलेल्या, कापसाची सरकी काढून गाठी बांधणाऱ्या जिन-प्रेसच्या आवारांपैकी एक योग्य आवार निवडून तिथे वर्षभर चालेल असे प्रदर्शन केंद्र व्हावे आणि त्याच्या आधाराने स्टेशन ते जुनी बाजारपेठ हा पट्टा पुन्हा उभा राहावा. त्यामागची कारणे पुढे मांडत आहोत.

पार्श्वभूमी

खामगाव हे माल दाखवून आणि पारखून विकणाऱ्यांचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडातल्या कापसाची ही मोठी पेठ होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. कापूस लवकर मुंबई बंदराला लागावा म्हणून जलंब ते खामगाव हा अवघ्या १३ किलोमीटरच्या आसपासचा फाटा टाकला गेला आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला जातीने खामगावात आले. एका तालुक्याच्या गावात व्हाइसरॉय आला तो केवळ इथल्या बाजाराच्या जोरावर.

प्रदर्शन ही गोष्टही आपल्या भागाला नवी नाही. डिसेंबर १८६५ मध्ये नागपुरात सर रिचर्ड टेंपल यांच्या पुढाकाराने शेतमाल, अवजारे आणि हस्तकलांचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्याला दीडशेहून अधिक वर्षे उलटली. आज नागपुरात 'अ‍ॅग्रोव्हिजन' भरते आणि पुण्याजवळ मोशीला 'किसान' भरते. आमचे शेतकरी गाड्या करून तिकडे जातात, नवी अवजारे पाहतात, पत्रके घेऊन परततात. जाणारा माणूस मात्र तिथे नेहमी पाहुणाच असतो. त्याचा स्वतःचा माल तिथे मांडायचा म्हटले तर स्टॉलचे भाडे, मालवाहतूक, चार दिवसांचा मुक्काम आणि सोबतच्या माणसांची मजुरी हा हिशेब लहान उत्पादकाला पेलत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजारांच्या घरात आहे. तालुके १३ आहेत. एवढ्या जिल्ह्यात प्रदर्शन भरवायचे ठरले की शाळेचे मैदान शोधावे लागते, शाळेला सुट्टी आहे का ते पाहावे लागते, मंडपवाल्याची तारीख घ्यावी लागते. मंडपात वीज जनरेटरची, पाणी टँकरचे आणि स्वच्छतागृह तर बहुधा नसतेच. चार-चार दिवस स्टॉलवर उभ्या राहणाऱ्या बचत गटाच्या बाया सकाळपासून पाणी कमी पितात, कारण जायला जागा नसते. अवकाळीची एक सर आली की पापड-कुरड्यांचे गठ्ठे आधी उचलायचे की गल्ला, हा प्रश्न पडतो. इथे कमी आहे ती जागेची. हौस आणि माल दोन्ही भरपूर आहेत.

दाखवण्यासारखे काय आहे

चांदीच्या व्यवसायामुळे खामगावला 'रजतनगरी' म्हणतात. देवाचे मुकुट, प्रभावळ, मखर, पालखीचे पत्रे, पूजेची भांडी यांसाठी दूरदूरचे गिऱ्हाईक इथे येते. मात्र गिऱ्हाईक पाहते ते काचेच्या कपाटातले तयार काम. ते घडते मागच्या खोलीत. तिथे कारागीर पत्रा राळेवर बसवतो आणि लहान छिन्नी-हातोडीने पाठीमागून ठोकत ठोकत पाकळी, वेल, मोराची मान उठवत जातो. एका प्रभावळीवर दिवसेंदिवस जातात. शेवटी रिठ्याच्या पाण्यात धुतल्यावर तिला उजळा येतो. हे काम गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर झाले तर मजुरी का लागते हे समजावून सांगावे लागणार नाही. आज मजुरीवरून घासाघीस होते, कारण मजुरी दिसतच नाही. या कारागिरांची पुढची पिढी धंद्यातून बाहेर पडते आहे त्याचेही एक कारण हेच आहे.

दुसरे उदाहरण देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा भागातले. तिथल्या शेडनेटमध्ये टोमॅटो, मिरची, ढोबळी मिरची यांचे संकरित बियाणे तयार होते. फूल उमलण्याआधी आदल्या दिवशी बाया चिमट्याने कळीतले पुंकेसर अलगद काढतात, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचे परागकण लावतात आणि फळ ओळखू यावे म्हणून खूण करतात. सोनाराच्या तोडीचे हे नाजूक काम आहे. पाकिटावर नाव कंपनीचे असते, गावाचे नसते. बियाणे विकत घेणाऱ्या देशभरच्या शेतकऱ्याला ते बुलढाणा जिल्ह्यात तयार झाले हे कळतही नाही. अशा कौशल्याला व्यासपीठ हवे. कंपन्यांशी भाव ठरवताना गटाला त्याचा उपयोग होईल.

याशिवाय चिखली-मेहकरचे सोयाबीन आणि त्यावरची प्रक्रिया, सातपुड्याच्या पायथ्याची संत्री, घाटाखालची केळी, ज्वारीच्या बिबड्या, शेगावची कचोरी, पंधे गुरुजींच्या कलेचा वारसा सांगणारी खामगावची चित्रकला आणि अर्थात कापूस हे सारे आहेच. यादी वाढवता येईल. मुद्दा एवढाच की वर्षभर केंद्र चालेल इतका माल जिल्ह्यात आहे.

शहराच्या पुनरुज्जीवनाशी संबंध

कापसाची पेठ ओसरली तशा शहरातल्या अनेक जिन-प्रेस बंद झाल्या. त्यांची आवारे मोठी, भिंती जाड, छपरे उंच आहेत. काहींचे भूखंड पडले, काहींवर वाद आहेत, काही नुसत्याच ओस आहेत. त्यांच्या भोवतालचा हमाल, गाडीवान, खानावळ, दोरखंड-बारदानाचे दुकान हा पसाराही विरळ झाला. अशा जागांचे काय करायचे याचे उत्तर शहराला आज ना उद्या द्यावेच लागेल. प्लॉट पाडून विकणे हे त्यातले सर्वांत सोपे आणि सर्वांत तोट्याचे उत्तर आहे. विकलेली जागा शहराला परत मिळत नाही.

ज्या लँकेशायरला वऱ्हाडचा कापूस जात होता, त्याच पट्ट्यातल्या मँचेस्टर शहराचा अनुभव इथे उपयोगी आहे. तिथले सेंट्रल हे रेल्वे स्टेशन १८८० साली सुरू झाले आणि १९६९ साली बंद पडले. मधे एकही खांब नसलेले त्याचे सुमारे २१० फूट रुंदीचे कमानदार छप्पर तसेच उभे राहिले आणि खाली काही वर्षे मोटारी लावल्या जात. स्थानिक प्रशासनाने ती वास्तू पाडली नाही. दुरुस्ती करून १९८६ साली तिथे प्रदर्शन केंद्र सुरू केले. पुढे त्याच्या शेजारून ट्राम धावू लागली, जवळच संगीत सभागृह झाले, ओस पडलेला तो भाग माणसांनी भरला. कोरोनाच्या साथीत २०२० साली त्याच इमारतीत तात्पुरते रुग्णालय उभे राहिले. मँचेस्टर श्रीमंत शहर आहे आणि खामगाव लहान आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण जुने छप्पर वाचवायचे, मोठी मोकळी जागा सार्वजनिक ठेवायची आणि अडचणीच्या वेळी ती वापरता येईल अशी बांधायची, यासाठी शहर श्रीमंत असावे लागत नाही. आधी ठरवावे लागते.

अपेक्षित हरकती आणि आमचे उत्तर

पहिली हरकत : हे केंद्र समृद्धी महामार्गालगत का नको? महामार्ग मेहकर-सिंदखेड राजाच्या बाजूने जातो आणि तिकडे कृषी समृद्धी केंद्रांची योजना आहे. तिथे गोदामे आणि शीतगृहे जरूर व्हावीत. पण प्रदर्शनाला लागतात माणसे, आणि ती एसटीने, रेल्वेने, पायी येणारी असतात. खामगाव राष्ट्रीय महामार्ग ५३ वर आहे, शहराला रेल्वे आहे, शेगाव साधारण १७ किलोमीटरवर आहे. शेगावला वर्षभर भाविकांची रीघ असते आणि पंढरपूरहून परतणारी श्री गजानन महाराजांची पालखी खामगावहूनच शेगावला पोहोचते. इतकी माणसे आधीच दारावरून जातात.

दुसरी हरकत : आधी पाणी आणि रस्ते द्या, प्रदर्शन कसले? ही हरकत रास्त आहे. म्हणून पाणीपुरवठ्याच्या किंवा रस्त्यांच्या निधीतून या कामाकडे एक रुपयाही वळवू नये, असे आम्ही स्वतःच लिहून देत आहोत. केंद्राच्या छपरावरचे पावसाचे पाणी साठवून स्वच्छतागृहांसाठी वापरले, तर शहराच्या टंचाईत भर पडणार नाही.

तिसरी हरकत : इमारत रिकामी पडेल. ही भीती अनुभवातून आलेली आहे. सांस्कृतिक सभागृह बांधायचे, फीत कापायची, वर्षभराने ते लग्नसराईला द्यायचे आणि पाच वर्षांनी कुलूप लावायचे, असे किती गावांत झाले ते सर्वांना माहीत आहे. म्हणून इमारतीआधी आम्ही वर्षाचे वेळापत्रक मांडतो. जानेवारीत १२ तारखेच्या जिजाऊ जन्मोत्सवाला जोडून जिल्हा महोत्सव. अक्षय्य तृतीयेच्या आधी चांदी व हस्तकला. मे महिन्यात मृगाच्या तोंडावर बियाणे व अवजारे. श्रावणात पालखीच्या सुमारास बचत गटांचा मेळा. कोजागिरीनंतर खामगावात जगदंबा उत्सवासाठी गर्दी लोटते, त्याच सुमारास दिवाळीचा बाजार. डिसेंबरात कापूस व वस्त्रोद्योग. मधल्या दिवसांत कारागिरांचे प्रशिक्षण, शालेय विज्ञान प्रदर्शने आणि रोजगार मेळावे. अमरावतीजवळ पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यान उभे राहत असताना कापसाचे प्रदर्शन वऱ्हाडातच भरावे हे तर ओघानेच आले.

मागण्या

१. जागेची संयुक्त पाहणी. नगर परिषद, भूमी अभिलेख, नगररचना विभाग आणि संघटनेचे प्रतिनिधी यांनी मिळून शहरातल्या बंद जिन-प्रेस आवारांची व पडीक सार्वजनिक जागांची पाहणी करावी. मालकी, क्षेत्रफळ, न्यायप्रविष्ट वाद आणि वास्तूची स्थिती यांची यादी ९० दिवसांत जाहीर करावी. यादी होईपर्यंत अशा आवारांच्या भूखंड पाडण्याच्या नव्या प्रस्तावांना घाईने मंजुरी देऊ नये.

२. आरक्षण आणि संपादन. निवडलेल्या जागेवर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल करून 'प्रदर्शन केंद्र' असे आरक्षण टाकावे. आरक्षण टाकून जमीन न घेतल्यास कलम १२७ खाली ते रद्द होऊ शकते, त्यामुळे संपादनाचा कार्यक्रम आरक्षणासोबतच जाहीर करावा. जमीन खासगी असल्यास मालकाला योग्य मोबदला किंवा विकास हक्क हस्तांतरणाचा पर्याय द्यावा. आवारात राहणारे भाडेकरू व जुन्या कामगारांची देणी यांचा निकाल आधी लावावा.

३. आटोपशीर आराखडा. दिल्लीच्या भारत मंडपमची प्रतिकृती आम्हाला नको. साधारण ५ एकर, म्हणजे सुमारे २० हजार चौरस मीटर जागा पुरेशी आहे. प्रदर्शनाचा प्रमाण स्टॉल ३ मीटर बाय ३ मीटर धरला तर २०० स्टॉलना १,८०० चौरस मीटर लागतात. ये-जा करण्याच्या वाटा धरून ४ हजार चौरस मीटरचे आच्छादित दालन भागते. ट्रॅक्टर, मळणीयंत्रे व जनावरांसाठी ८ हजार चौरस मीटर खुले मैदान, वाहनतळ व माल उतरवण्यासाठी ५ हजार आणि कार्यशाळा, उपाहारगृह व स्वच्छतागृहांसाठी उरलेले ३ हजार असा आमचा ढोबळ हिशेब आहे.

४. जुने ते जपावे. आवारातल्या मजबूत भिंती, लोखंडी कैच्या, धुराडे आणि जिनची यंत्रे तज्ज्ञांकडून तपासून शक्य तितकी तशीच ठेवावीत. एका खोलीत वऱ्हाडच्या कापूस व्यापाराचे कायम दालन असावे. वैशाखात पारा ४० च्या पुढे जातो. उंच छप्पर, वायुवीजन आणि झाडे यांवर भर द्यावा आणि वीजबिलाखाली केंद्र बुडेल अशी सर्वत्र वातानुकूलन यंत्रणा टाळावी. छपरावर सौर पॅनेल बसवावेत.

५. कारागिरांच्या गरजा. चांदीच्या दालनाला रात्री माल ठेवण्यासाठी सुरक्षित तिजोरीखोली, सीसीटीव्ही आणि शुद्धता तपासणीचा कक्ष असावा. प्रात्यक्षिकासाठी भट्टी व धूर बाहेर सोडण्याची सोय असावी. यंत्रांसाठी थ्री-फेज वीजजोडणी प्रत्येक ओळीत हवी.

६. महिला, वृद्ध व दिव्यांग. पुरेशी स्वच्छतागृहे, स्तनपान कक्ष, बाहेरगावच्या बचत गटांसाठी किमान १०० जणींची मुक्कामाची सोय आणि दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ नुसार उतार व वाटा मूळ आराखड्यातच असाव्यात. नंतरची डागडुजी चालणार नाही. अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय केंद्र एक दिवसही उघडू नये.

७. भाड्याची शिस्त. प्रत्येक प्रदर्शनात किमान ३० टक्के स्टॉल जिल्ह्यातले बचत गट, कारागीर व शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी सवलतीने राखून ठेवावेत. बाहेरच्या मोठ्या कंपन्यांकडून पूर्ण भाडे घ्यावे आणि त्यातून सवलतीची भरपाई करावी. लग्नसमारंभ व राजकीय मेळाव्यांसाठी वर्षाला ठरावीक दिवसांपलीकडे केंद्र देऊ नये, आणि प्रदर्शनाच्या ठरलेल्या तारखा कोणाच्याही शिफारशीने हलवू नयेत.

८. भोवतालचा पट्टा. स्टेशन ते केंद्र ते जुनी बाजारपेठ हा रस्ता सलग पदपथ, सावली, पथदिवे व दिशादर्शक फलकांसह करावा. वाटेवरच्या फेरीवाल्यांना हुसकावू नये. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार त्यांची नोंद करून जागा आखून द्यावी. प्रदर्शनात येणारा माणूस रस्त्यावर चहा पिईल, बाजारात शिरेल, तेव्हाच शहराचा फायदा होईल. उंच कुंपणाआडचे केंद्र शहराच्या काही कामाचे नाही.

९. दळणवळण. प्रदर्शनाच्या काळात जलंब-खामगाव मार्गावर जादा फेऱ्या व शेगावहून एसटीच्या शटल गाड्या द्याव्यात. खामगाव-जालना लोहमार्गाची जिल्ह्याची जुनी मागणी आम्ही इथे पुन्हा नोंदवतो. तो झाला तर मराठवाडा आणि वऱ्हाड इथे भेटतील.

१०. निधी. जिल्हा नियोजन समिती, नगर परिषदांसाठीची राज्याची वैशिष्ट्यपूर्ण कामांची योजना, सूक्ष्म-लघु उद्योग विभागाच्या बाजारपेठ सहाय्य योजना आणि औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी यांतून टप्प्याटप्प्याने काम करावे. पहिल्या टप्प्यात मैदान, स्वच्छतागृहे, वीज व पाणी एवढेच झाले तरी त्याच हंगामात प्रदर्शन भरू शकते. खासगी भागीदार घ्यायचा असल्यास करार मराठीत जाहीर करावा आणि जमिनीची मालकी सार्वजनिकच राहावी.

११. कारभार. केंद्र चालवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली व्यवस्थापन मंडळ असावे. त्यात नगर परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, कृषी विभाग, बाजार समिती यांच्यासोबत कारागीर, शेतकरी, व्यापारी व बचत गट यांचे प्रतिनिधी असावेत आणि निम्म्या जागा महिलांना असाव्यात. किती दिवस केंद्र चालले, किती स्टॉल लागले, किती भाडे आले आणि कुठे खर्च झाले याचा हिशेब दरवर्षी नगर परिषदेच्या फलकावर लावावा.

आमची जबाबदारी

मागणी करून हात झटकायचे नाहीत, असे संघटनेने ठरवले आहे. पहिली ३ वर्षे वेळापत्रकातल्या प्रत्येक प्रदर्शनासाठी स्थानिक स्टॉलधारक जमवण्याचे काम संघटना विनामोबदला करील. चांदी कारागीर आठवड्यातून एक दिवस पाळीपाळीने प्रात्यक्षिक देतील. जुनी वजने, कापसाचे नमुने, हिशेबाच्या वह्या, छायाचित्रे अशा ज्या वस्तू सभासदांच्या घरी पडून आहेत त्या कापूस दालनासाठी दिल्या जातील.

केंद्र उभे राहण्यासाठी मोठी घोषणा लागत नाही. पाहणीचा आदेश, आरक्षणाचा ठराव आणि पहिल्या टप्प्याची तरतूद या तीन कागदांवर सह्या झाल्या की काम सुरू होते. या मागणीपत्रावर चर्चेसाठी ३० दिवसांच्या आत संबंधित सर्व अधिकाऱ्यांची बैठक खामगावातच बोलवावी आणि बैठकीचे इतिवृत्त लेखी द्यावे, ही विनंती. जागा एकदा प्लॉटमध्ये गेली की मागणीला अर्थ उरणार नाही. म्हणून निर्णय आत्ताच व्हावा.

आपले विश्वासू,
खामगाव व परिसरातील व्यापारी, कारागीर, शेतकरी गट, महिला बचत गट व लघुउद्योजक यांच्या संघटनेकरिता
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य
खामगाव, जि. बुलढाणा